विषाची पिशवी

गारा थांबल्यावर मोहरीच्या शेताकडे बघवत नव्हतं. आदल्या दिवशी पिवळंधमक डोलणारं शेत कुणी रूळ फिरवल्यासारखं आडवं झालं होतं. शेतमालकाचं जे व्हायचं ते झालंच. पण त्याच्या बांधावर ज्यांच्या मधमाश्यांच्या पेट्या मांडलेल्या होत्या, त्या घरात दुसरीच काळजी सुरू झाली. माश्या पेटीतून निघत, चिखलात झोपलेल्या फुलांवर एक चक्कर मारत आणि हात हलवत परत येत.

घर तिघांचं होतं. सासरे, ज्यांना सगळं गाव आबा म्हणायचं. त्यांचा मुलगा, टेम्पो चालवणारा आणि दिवसाकाठी मोजकी वाक्यं बोलणारा. आणि सून. पेट्यांचा धंदा आबांनी उभा केला, मुलानं वाढवला आणि बोलणी सुनेकडे आली. कारण फोनवर मुलगा प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचा आणि आबा दुसऱ्या वाक्याला भांडण काढायचे.

सून सकाळी पेट्यांच्या मागून फिरायची आणि एकेक पेटी बोटभर उचलून बघायची. जड लागली की आत मध आहे, हलकी लागली की उपास. त्या आठवड्यात पेट्या इतक्या सहज उचलल्या जात होत्या की तिला स्वतःच्या हातांचा राग यायचा. दुपारभर चुलीवर साखरेचा पाक शिजत असे. दाराच्या कडीला पाक, चपलांना पाक, आबांच्या मिशीला पाक. पाकावर माश्या तगतात, पण वंश वाढत नाही. राणी अंडी घालायची थांबते आणि पुढच्या हंगामाला पेटी रिकामी निघते.

म्हणून तिनं डोंगरापलीकडच्या सफरचंदाच्या बागेत फोन लावला. तिथे मोहर अजून फुटायचा होता. बागेचा व्यवस्थापक खूश झाला. त्यालाही माश्या हव्याच होत्या, माश्या नसतील तर मोहर नुसता शोभेचा. मात्र एक अट होती. पेट्यांबरोबर येणाऱ्या प्रत्येक माणसानं लस घेतलेली हवी. गेल्या वर्षी तोडणीच्या वेळी निम्मी बाग खोकत अंथरुणाला खिळली होती, आता मालक ऐकत नाहीत. आठवड्यात आलात तर जागा तुमची, नाहीतर दुसरे एक पेटीवाले रोज फोन करताहेत. तिनं हो म्हणून टाकलं. फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं की आपण तिघांच्या वतीनं शब्द दिलाय आणि तिघांपैकी एकाचीही लस झालेली नाही.

झालेली नव्हती ती आबांमुळे. त्यांनी कुणाला अडवलं नव्हतं. फक्त, मी घेणार नाही, तुमचं तुम्ही बघा, असं सांगून ठेवलं होतं. आणि म्हाताऱ्याला मागे ठेवून दोघांनी जाऊन यायचं, हे त्या घरात बसणारं नव्हतं. तिघं जायचं नाहीतर कुणीच नाही, असं न बोलता ठरून गेलं होतं.

आबांचा विरोध आला होता सुताराकडून. सुतार पेट्यांचे तळ बदलून द्यायचा आणि त्याला गाव रेडिओ म्हणायचं. रंधा चालू असताना तो गप्प असे, रंधा थांबला की बातम्या सुरू. बाकावर त्याचा फोन कायम भुशात लोळत पडलेला असायचा आणि त्यात लसीचे विरोधक एकामागून एक हजर व्हायचे. अलीकडे त्याला नवा शब्द सापडला होता, स्पाइक प्रोटीन. लस घेतली की आपलंच शरीर विषाणूचे काटे बनवायला लागतं, असं फोनमधला पांढऱ्या कोटातला माणूस सांगत होता. ते काटे मग रक्तातून फिरतात, थांबतच नाहीत. रेडिओ हे अशा थाटात सांगायचा की कारखाना त्यानं आत जाऊन पाहिलाय.

दुसऱ्या दिवशी सून तळफळ्या आणायला गेली तेव्हा आबा आधीच तिथे होते. औषधाच्या दुकानातला औषधवाला खुर्चीचा पाय बसवून घ्यायला आला होता, आणखी तिघं-चौघं नुसतेच बसले होते. वाद रंगात होता. औषधवाला शिकलेला, सौम्य माणूस. तो म्हणत होता की काट्यांचं खरं आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही. विषाणूच्या अंगावर काटे असतात आणि त्यांनी तो आपल्या पेशीला धरतो. ही लस पेशीला एवढाच निरोप देते की असा एक काटा बनव. विषाणू नाही, नुसता काटा. शरीर तो बघून ठेवतं आणि खरा विषाणू आला की ओळखतं. रेडिओनं विचारलं, मग तो काटा जातो कुठे? औषधवाला म्हणाला, शरीरच मोडून टाकतं. रेडिओ म्हणाला, तू बघितलंस? औषधवाल्यानं बघितलं नव्हतं, पण रेडिओनं तरी कुठे बघितलं होतं. यावर थोडा वेळ मजेत गेला.

मग औषधवाल्याला वाटलं की आबांना त्यांच्या भाषेत सांगावं. तो खुर्ची बाजूला ठेवून त्यांच्याकडे वळला.

"आबा, तुम्हाला तर लगेच पटेल. माशी नाही, नुसती नांगी समजा. माशीच नसेल तर नुसती नांगी काय करणार?"

दुसऱ्या कुठल्याही घरात हे वाक्य चाललं असतं. पण पेटीवाल्याच्या घरात पोरं चालायच्या आधी एक गोष्ट शिकतात. माशी डसून उडून जाते, मरते, पण नांगी कातडीत राहते. तिच्या मुळाशी विषाची इवलीशी पिशवी असते आणि माशी गेल्यावरही ती पिशवी धडधडत विष आत ढकलत राहते. म्हणून नांगी चिमटीत धरायची नाही, तत्काळ नखानं खरवडून काढायची.

आबांनी मिशीवरून बोट फिरवलं. "माशी मरून पडते, तरी नांगी पंप मारत राहते," ते म्हणाले. "आणि तू म्हणतोस, माझ्या अंगात नांग्यांचाच कारखाना काढ."

दुकान हसून हसून आडवं झालं. रेडिओ म्हणाला, मी सकाळपासून हेच सांगतोय. तो हे सांगत नव्हता, पण आता ते त्याचंच झालं. औषधवाला खुर्ची घेऊन निघाला तेव्हा तिचा चौथा पाय अजून डुगडुगत होता.

सून हसली नाही. डोक्यावर फळ्यांची मोळी घेऊन घरी येताना तिनं मोकळ्या हातानं आपली पापणी चाचपली. मागच्याच आठवड्यात तिची पापणी सुजून डोळा बंद झाला होता. नुसती नांगी म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. संध्याकाळी नवरा टेम्पो धूत असताना तिनं त्याला सगळं सांगितलं. तो चाकावर पाणी मारता मारता म्हणाला, गेल्या वर्षी आपल्याला तो आजार झाला तेव्हा त्या विषाणूला आत येताना आपण काय विचारलं होतं. एवढं बोलून त्यानं नळ बंद केला. गेल्या वर्षीच्या तापानंतर त्याचं नाक चार महिने गेलं होतं. पेटीचं झाकण काढल्यावर आतली पिल्लं सडली आहेत की नाही हे पेटीवाल्याला नाक सांगतं. त्याला ते सांगेना आणि एक सडकी चौकट त्यानं चांगल्या पेटीत घातली. दोन्ही पेट्या जाळाव्या लागल्या.

तिसरा दिवस हमालाचा होता. आबांना सोडून दोघांनीच लस घेऊन जायचं म्हटलं तरी तिसरा माणूस हवाच, कारण भरल्या घरट्याची पेटी दोघांनी उचलायची आणि टेम्पोवर तिसऱ्यानं ओढून घ्यायची असते. बाजारातला एक दांडगा हमाल लस घेतलेला होता आणि धान्याची पोती उशीसारखी उचलायचा. सुनेनं त्याला रिकाम्या वेळी येऊन एक पेटी उचलून बघायला सांगितलं. तो आला, दंड थोपटले, पेटी एकट्यानंच छातीशी धरली. पेटी छातीशी धरल्यावर आतला आवाज हाडांतून ऐकू येतो. हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. त्याचे डोळे मोठे झाले. त्यानं पेटी अगदी हळुवार खाली ठेवली, जसं झोपलेलं पोर ठेवतात, आणि दोन पावलं मागे सरकला. तेवढ्यात फटीतून एक माशी बाहेर येऊन त्याच्या पायजम्यात शिरली. पुढचं सगळ्या आळीनं पाहिलं. शेजारणीच्या वाळत घातलेल्या चादरींपैकी दोन तो अंगावर घेऊनच गेला. आबा ओट्यावर बसून पाक ढवळत होते. ते एवढंच म्हणाले की माणूस प्रामाणिक दिसतोय, चादरी परत करेल.

चौथ्या दिवशी सकाळी सून पेट्यांपाशी गेली तर आबा आधीच तिथे उकिडवे बसले होते. तीन पेट्यांच्या दारापुढे पांढरे ठिपके पडले होते. जवळ गेल्यावर दिसलं की ती अर्धीकच्ची पिल्लं होती, डोळे नुकते धरलेली. घरात पिल्लांपुरतं खायला नसलं की माश्या स्वतःचीच पिल्लं ओढून बाहेर टाकतात. आबांनी काही पिल्लं तळहातावर गोळा केली होती. सून शेजारी बसली. तिनं ठरवलं होतं की आज भांडायचं, शब्दही जुळवून ठेवले होते. पण म्हाताऱ्याचा तळहात बघून ती उरलेली पिल्लं वेचायला लागली.

"त्या दवाखान्यात विचारायला कोण भेटतं?" आबांनी विचारलं.

"नर्सबाई असतात."

"मी घेईन असं म्हणत नाहीये. विचारीन."

तिनं लगेच उठून नवऱ्याला टेम्पो काढायला लावला, म्हातारा मध्ये दुसरं काही बोलायच्या आत.

दवाखाना म्हणजे दोन खोल्या. एकीत निळं टेबल, त्यावर बर्फाची पेटी, सुया आणि कापूस. दुसरीत भिंतीला लागून एक लांब बाक. टेबलाशी एक मुलगी नावं लिहीत होती. नर्सबाई ठेंगण्या, जाड, चष्मा कपाळावर सरकवलेला, आणि सकाळपासून तीच तीन वाक्यं बोलून आवाज बसलेला. आबांचा नंबर आला तेव्हा ते स्टुलावर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, आधी एक विचारायचं आहे.

"तुमच्या त्या काट्याला विषाची पिशवी असते का?"

रांगेत हशा पिकला. सुनेचे कान तापले. मागून कुणीतरी म्हणालं, आजोबा, साप नाही तो. पण नर्सबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, म्हणजे कसली पिशवी? आबांनी बोटाच्या पेरावर दाखवून नांगीचं सगळं सांगितलं, पंप, पिशवी, नखानं खरवडणं. त्या ऐकत राहिल्या. मग त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला.

"नसते," त्या म्हणाल्या. "काटा म्हणतात तो दिसायला. डसायचं काम नाही त्याचं, धरायचं आहे. त्यानं तो पेशीला चिकटतो."

आबांनी थोडा विचार केला. "मग ती नांगी नव्हे. पाय झाला."

"पाय म्हणा."

"नुसता पाय."

"नुसता पाय. आणि तो बनवायचा जो निरोप सुईतून जातो ना, तो तर त्याच्याही आधी विरून जातो. पाय काही दिवस राहतो, फार तर काही आठवडे. नक्की आकडा विचाराल तर मला सांगता येणार नाही."

आबांनी विचारलं की मग काहीच होत नाही म्हणता? बाई म्हणाल्या, होतं की. हात दुखतो, ताप येतो, अंग मोडून येतं. फार क्वचित कुणाला त्याहून वाईट होतं, कुणाचा घसा सुजतो, कुणा तरुणाच्या हृदयाला सूज येते. म्हणूनच तो बाक ठेवलाय. पण त्या आजारानं जे होतं ते याहून पुष्कळ वाईट आणि पुष्कळ जास्त लोकांना, ते मी दोन वर्षं याच खोल्यांत बघितलंय. आणि लस घेऊनही आजार होऊ शकतो, तेही ऐकून ठेवा. पण मग तो सहसा जीवावर बेतत नाही.

आबा स्टुलावर बसले. सुनेला पुढे अनेकदा वाटलं की 'पिशवी नसते' या उत्तरापेक्षा 'होतं की' या दोन शब्दांनीच काम केलं असावं. तोवर जे भेटले होते ते एकतर सगळंच होतं म्हणणारे होते नाहीतर काहीच होत नाही म्हणणारे. पेट्या विकणाऱ्यांनी कधी डसणार नाहीत अशा माश्यांच्या बाता मारल्या की आबा त्याच पावली परत फिरायचे.

पण सुई टोचायच्या आधी मुलीनं छापील प्रश्न विचारला. कधी अंगावर सूज, गांधी, असं काही आलं होतं का? आबांच्या चेहऱ्यावर तेज आलं. त्यांनी डाव्या पापणीपासून सुरुवात केली. मग ओठ, मग एक कान, जो एका पावसाळ्यात अळंब्याएवढा झाला होता, मग मान, मग अशी एक जागा जी त्यांनी बायांसमोर सांगितली नाही. मुलीचं पेन थांबलं. तिनं घाबरून बाईंना हाक मारली आणि म्हणाली, यांना जन्मभर सूजच आहे, यांना देता येणार नाही. सुनेला वाटलं, इतके दिवस जो माणूस हलत नव्हता तो स्टुलावर बसला, आणि आता दवाखानाच नको म्हणतोय.

बाईंनी आबांना समोर वळवलं. श्वास कोंडला होता का कधी? चक्कर, शुद्ध जाणं?

"माझा कशाला कोंडेल," आबा म्हणाले. "माझ्या साडूचा कोंडला होता."

साडू लस घ्यायला आले आहेत का, बाईंनी विचारलं. ते आलेले नव्हते, ते पेट्या सोडून शिवणकामाला लागले होते. मग बाई मुलीला म्हणाल्या, डसल्या जागी सूज येणं वेगळं आणि श्वास कोंडणं वेगळं, पुढच्या वेळी दोन्ही विचार. यांना देते. फक्त बाकावर दुप्पट वेळ बसवू. मुलगा आणि सून यांनीही तोच प्रश्न आल्यावर खरं तेच सांगितलं, तेव्हा अख्खं घर दुप्पट वेळाच्या बाकावर गेलं. सुई निघाल्याबरोबर आबांचा उजवा हात आपोआप डाव्या दंडावर गेला आणि नखानं जागा खरवडू लागला. बाईंनी तो हलकेच बाजूला केला आणि म्हणाल्या, आजोबा, नांगी मी परत घेतलीय.

तिघं बाकावर ओळीनं बसले. खिडकीतून उन्हाची पट्टी येऊन गुडघ्यांवर पडली होती. कुणालाच काही होत नव्हतं. आबांनी शेजारच्या अनोळखी बाईला पाय आणि नांगीतला फरक समजावून सांगायला घेतला होता, तेवढ्यात सुनेचा फोन वाजला. व्यवस्थापक होता. खालच्या ओळी आजच फुलल्या, उद्या सकाळी पेट्या हव्यात. तिनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं आपल्या डाव्या दंडाकडे बघितलं. तेव्हा तिघांना एकदमच कळलं की आपण काय केलंय. एका घरातल्या तिन्ही माणसांनी, पेट्या उचलायच्या दिवशी, तिन्ही सुया डाव्याच हातात घेतल्या होत्या.

पेट्या ऊन उतरल्यावरच बंद करता येतात. बाहेर गेलेली शेवटची माशी घरी यावी लागते. दारांना जाळ्या लागल्या, पट्टे आवळले गेले, आणि तोवर तिघांचे दंड ठणकायला लागले होते. पेटीला दोन बाजूंना दोन मुठी असतात. दोघांनी दोन बाजूंना उभं राहून एकेक मूठ धरायची आणि चालायचं. म्हणजे एकाचा उजवा हात, दुसऱ्याचा डावा. पहिल्या पेटीला नवऱ्यानं डावा लावला आणि चार पावलांवर पेटी तिरकी व्हायला लागली, आत घोंघाट उठला. दुसऱ्या खेपेला सुनेनं लावला, तिच्या डोळ्यांत पाणी आलं. आबांनी दोघांना थांबवलं. ते पेटीच्या दुसऱ्या बाजूला गेले आणि पाठ टेम्पोकडे करून उभे राहिले. आता त्यांच्याही वाट्याला उजवा हात आला. फक्त उलटं चालावं लागणार होतं.

मग तसंच झालं. टेम्पोवर नवरा एका हातानं पेट्या ओढून घेत होता, खाली सून सरळ चालत होती आणि सत्तरी ओलांडलेले आबा तिच्याबरोबर उलट्या पावली. ती त्यांना रस्ता सांगायची. खड्डा आहे, आता दगड, आता डावीकडे. डावी कुणाची, आबा विचारायचे. शेजारीण कुंपणाशी येऊन उभी राहिली आणि म्हणाली की दवाखान्यातून आल्यापासून हे असे चालायला लागलेत का? आबांनी चालता चालता तिला सांगितलं की हो, हा नवीनच परिणाम निघालाय, रेडिओला कळवा. ती खरंच कळवायला गेली. अंधार पडायच्या आत शेवटची पेटी वर चढली आणि आबा उलट चालत येऊन ओट्यावर बसले तेव्हा म्हणाले, आता सरळ चालायचं लक्षात ठेवायला हवं.

पहाटे टेम्पो निघाला. घाटात सुनेला थंडी वाजायला लागली. तिनं आधी खिडकीला दोष दिला, मग चादरीला. बागेच्या फाटकाशी पोचेपर्यंत तिचे दात एकमेकांवर आपटत होते. पहारेकऱ्यानं तिघांच्या लसीची खात्री करून घेतली, तिच्याकडे संशयानं बघितलं आणि लांबूनच विचारलं की बाईंना काय झालंय? आबा म्हणाले, लस लागली आहे, तुला नव्हती का लागली? पहारेकरी ओशाळून हसला. म्हणाला, मी तर दोन दिवस पडून होतो. आणि फाटक उघडलं.

खाली उतरल्यावर तिला उभंच राहवेना. नवऱ्यानं गवतावर चादर अंथरली, तिच्या अंगावर स्वतःचा कोट टाकला. तिला उठायचं होतं, पेट्यांची तोंडं कुठल्या बाजूला ठेवायची ते व्यवस्थापकाशी ठरलं होतं, तिनं शब्द दिला होता. आबांनी तिला हातानंच पडून राहायची खूण केली. उजव्या हातानं. डोळे मिटता मिटता तिला शेवटचं दिसलं ते म्हाताऱ्याचं डोकं, झाडांच्या पांढऱ्या फांद्यांमधून उलटं उलटं जाणारं.

जाग आली तेव्हा घामानं अंग निथळत होतं आणि डोकं हलकं झालं होतं. ऊन पानांवर चढलं होतं. आवाज तिनं आधी ऐकला, मग बघितलं. पेट्या ओळीनं उभ्या होत्या, सगळ्यांच्या जाळ्या निघालेल्या. दारापुढे माश्यांची गर्दी होती. त्या पेटीकडे तोंड करून हवेत डोलत होत्या, नवं घर डोळ्यांत भरून घेत होत्या आणि मग एकेक करून मोहराकडे सुटत होत्या. नवरा टेम्पोच्या चाकाला टेकून झोपला होता. त्यालाही ताप भरलेला दिसत होता. आबा मात्र पहिल्या पेटीपाशी उकिडवे बसून दाराकडे बघत होते, ताजेतवाने.

ती उठून हळूच त्यांच्या शेजारी जाऊन बसली. काही विचारायच्या आधीच त्यांनी तिचा हात धरून पेटीच्या दाराजवळ नेला. एक माशी तिच्या बोटावर उतरली. मागच्या दोन्ही पायांवर फिकट पिवळ्या परागाचे गोळे होते, पिल्लांसाठी आणलेले, तिच्या स्वतःच्या वजनाला पेलणार नाहीत असे वाटण्याइतके. माशीनं बोटावर क्षणभर दम घेतला आणि ती आत गेली.

"सगळ्याच आणताहेत?" सुनेनं विचारलं.

"सकाळपासून," आबा म्हणाले. "तू पड अजून. त्यांना आपलं काही काम नाही."